बोट लागणे

मराठीतील 'लागणे' हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. भूक लागते, झोप लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, आणि समुद्रावर गेलेल्या माणसास बोट लागते. या सर्व प्रयोगांत माणूस कर्ता नसतो. त्याच्यावर काहीतरी येऊन पडते आणि त्याला ते सोसावे लागते. सापगावासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावी राहणाऱ्या आम्हांस बोट लागण्याचा अनुभव रोजचा नसला तरी त्याची धाकटी बहीण चांगली परिचयाची आहे. शहापुराकडून कसाऱ्याचा घाट चढताना अथवा मुरबाडाकडून माळशेजास जाताना ज्यांस गाडी लागते, त्यांस समुद्रावरील दुखण्याची कल्पना निराळी करून देण्याचे कारण नाही. भेद इतकाच की, घाटात गाडी थांबवून रस्त्याच्या कडेस घटकाभर बसता येते. समुद्रास कड नाही.

हे दुखणे क्षुल्लक समजून हसण्यावारी नेण्याची रीत आहे. आम्हांस मात्र त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला दिसतो, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. तो प्रश्न असा: माणूस असहाय होऊन पडला असता जो त्याचे डोके धरतो आणि त्याची घाण पुसतो, त्या हाताचे आपण काय देणे लागतो?

प्रथम दुखण्याचे स्वरूप पाहू. आपल्या कानाच्या आतील भागात शरीराचा तोल सांभाळणारे एक इंद्रिय आहे. बोट डोलू लागली की ते इंद्रिय मेंदूस सांगते, 'आपण हलत आहोत.' परंतु बंद खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात, 'छे, समोरची भिंत तर स्थिर आहे!' दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नाही, आणि त्या घोटाळ्याचा दंड बिचाऱ्या पोटास भरावा लागतो. म्हणूनच जाणते लोक सांगतात की, खोलीत पडून न राहता मोकळ्या हवेत यावे, दूर क्षितिजावर दृष्टी ठेवावी, वाचन करू नये, पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तडस लागेपर्यंत भरूही नये. आल्याचा तुकडा चघळल्याने पुष्कळांस उतार पडतो. हल्ली गोळ्याही मिळतात. परंतु त्या आधी घ्यावयाच्या असतात, बोट लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात ठरत नाही. दोनतीन दिवसांत बहुतेकांचे शरीर त्या डोलण्यास सरावते. इंग्रजीत मळमळीस 'नॉशिया' म्हणतात. त्या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील 'नौस', म्हणजे नौका, या शब्दात आहे. आपल्या संस्कृतातील 'नौ' ही त्याचीच भावंड होय.

या दुखण्याचा आणि धैर्याचा काही संबंध नाही. ट्रफाल्गरच्या लढाईत विजय मिळविणारा नेल्सन जन्मभर समुद्रावर राहिला, तरी वारा खवळला की त्यास बोट लागत असे. 1831 ते 1836 या काळात 'बीगल' जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या डार्विनाचा त्या प्रवासातील कितीतरी काळ या यातनेत गेला. विद्या, पद, पैसा यांपैकी कशाचाही येथे वशिला चालत नाही. इतकेच नव्हे, तर लाट पैशाची थट्टाच करते. आजच्या विलासनौकांवर, ज्यांस लोक 'क्रूझ' म्हणतात, सर्वांत महाग खोल्या बहुधा वरच्या मजल्यांवर सज्जासह असतात. आणि बोट डोलते तेव्हा सर्वांत अधिक झोके तेथेच बसतात. ज्या ठिकाणी झोका कमीत कमी जाणवतो, ती जागा खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी, म्हणजे थोडक्या भाड्याच्या प्रवाशाकडे असते. जहाजाच्या दोन्ही कुशींस पंखांसारख्या फळ्या बसवून डोलणे पुष्कळ कमी करता येते, परंतु ते अजिबात नाहीसे करणे मानवी कौशल्यास अद्याप साधलेले नाही.

आता थोडे मागे वळून पाहू. ज्या मुलखात आम्ही राहतो तो मुलूख समुद्रास परका नव्हता. सापगावाजवळून वाहणारी भातसा पुढे काळूस मिळते, काळू उल्हासास, आणि उल्हास खाडीवाटे समुद्रास. सातवाहनांच्या काळी घाटमाथ्यावरील जुन्नराहून नाणेघाट उतरून, आजच्या मुरबाड तालुक्यातून, व्यापाऱ्यांचे तांडे कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जात असत. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. अशा प्रदेशातील सुशिक्षित, उच्चवर्णीय समाजास पुढे समुद्र निषिद्ध वाटू लागला, हे एक आश्चर्यच म्हटले पाहिजे. बौधायनाने समुद्रसंयानाची गणना पतित करणाऱ्या कर्मांत केली असून त्यास तीन वर्षांचे खडतर प्रायश्चित्त सांगितले आहे. मात्र समुद्रगमन हा उत्तरेकडील लोकांचा आचार आहे, असेही त्याच ग्रंथात नमूद आहे. म्हणजे निषेध होता तसे जाणारेही होते. मनूने समुद्रयात्रा करणाऱ्यास श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले.

तथापि माणसे जातच राहिली. राघोबादादाचा वकील हनुमंतराव इंग्लंडास गेला तेव्हा, 1781 साली, एडमंड बर्क याने त्यास आपल्या घरी ठेवून घेतले आणि आचारधर्म पाळता यावा म्हणून बागेतील काचघर त्याच्या स्वाधीन केले. 1883 साली आनंदीबाई जोशी अवघ्या 18 व्या वर्षी, पतीस मागे ठेवून, कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे निक्षून सांगितले. 1888 साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या जातीने त्यांस बहिष्कृत केले, आणि 1891 साली ते परतल्यावर त्यांच्या बंधूंनी त्यांस नाशिकास नेऊन गोदावरीत स्नान घातले. मुंबईहून नाशिकास जाणारी वाट आमच्या शहापूर तालुक्यातूनच जाते. समुद्राचा दोष धुण्यासाठी त्या काळी किती माणसे या वाटेने गेली असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या निषेधाची कारणे पंडितांनी नाना प्रकारे दिली आहेत: संध्यावंदनात खंड, अभक्ष्यभक्षण, म्लेंच्छसंपर्क. आमच्या मते या सर्वांच्या तळाशी एकच भीती होती. जमिनीवर अंतर राखता येते. गावात वस्त्या निराळ्या करता येतात, पाणवठे निराळे करता येतात, पंक्ती निराळ्या मांडता येतात. बोटीवर हे साधत नाही. सोवळे नेसून बसलेला मनुष्य पहिल्या मोठ्या लाटेसरशी शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतो. त्यास वांती होते, घसा सुकतो, आणि जो कोणी पाण्याचा पेला पुढे करील त्याच्या हातून तो पाणी पितो. त्या क्षणी तो जात विचारीत नाही, कारण विचारण्याचे त्राणच त्यास उरलेले नसते. आणि एकदा ते पाणी गोड लागल्यावर, घरी परतून 'त्या हाताचे पाणी बाटवते' हे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? निषेध करणाऱ्यांस समुद्राची भीती नव्हती. समुद्रावर जे सत्य कळते त्याची होती.

यावर कोणी म्हणेल की, संकटातील समता ही खरी समताच नव्हे. संकट टळले की ती विरून जाते. हा आक्षेप पोकळ नाही. 1896 च्या डिसेंबरात 'कुरलँड' बोटीने गांधीजी नाताळास जात असता तिला मोठ्या वादळाने गाठले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सारे भेद विसरून एका ईश्वराची करुणा भाकू लागले. वादळ शमले आणि त्याबरोबर ईश्वराचे नावही ओठांवरून गेले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. परंतु याच प्रसंगातील दुसरी गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गांधीजींस स्वतःस बोट लागत नसे. म्हणून ते प्रवाशांत हिंडून त्यांस धीर देत होते आणि कप्तानाकडून कळलेली वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचवीत होते. येथे दोन निरनिराळ्या समता दिसतात. एक भीतीची, दुसरी सेवेची. भीतीत प्रत्येकजण स्वतःकडे पाहत असतो. सारे एकत्र थरथरतात, परंतु एकमेकांस पाहत नाहीत. सेवेत एकाची दृष्टी दुसऱ्याकडे वळलेली असते. पहिली समता वाऱ्याबरोबर येते आणि वाऱ्याबरोबर जाते. दुसरी टिकू शकते. मात्र ती आपोआप टिकत नाही, आठवणीने टिकवावी लागते.

कोकणच्या किनाऱ्याने चालणाऱ्या जुन्या आगबोटी ज्यांनी पाहिल्या त्यांच्याकडून या दुसऱ्या समतेच्या गोष्टी ऐकावयास मिळतात. भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या चाकरमान्यांची डेकवर दाटी, ट्रंका, वळकट्या, रडणारी मुले. बंदरास धक्का नसेल तेथे हेलकावणाऱ्या पडावात उतरण्याची कसरत. आणि या गर्दीत कोणा अनोळखी बाईने लिंबाची फोड हातावर ठेवून पाठीवरून हात फिरविणे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या बोटींवर हाल होते, आणि धोकाही होता. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसास निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून कित्येकांस पाण्याबाहेर काढले. बुडणाऱ्याने त्यांची जात पुसली नाही, आणि त्यांनीही बुडणाऱ्याची पुसली नाही.

ती किनारी वाहतूक बंद पडल्यालाही आता बराच काळ लोटला. 2018 साली मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यान 'आंग्रिया' नावाची नौका सुरू झाली. ती फार वर्षे चालली नाही. 2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून 'एम्प्रेस' या मोठ्या विलासनौकेच्या सफरी सुरू झाल्या. मध्यमवर्गीय कुटुंबे आता गावी पोहोचण्यासाठी नव्हे, तर केवळ समुद्रावर राहण्यासाठी बोटीवर चढतात, आणि निघाल्या धक्क्यावर परत येतात. अशा सुखास आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या समाजास शतकानुशतके समुद्र वर्ज्य होता, त्याच्या आजीबाईंनी नातवंडांसह डेकवर सूर्यास्त पाहावा, यात आनंदच आहे.

परंतु येथे एक सूक्ष्म फरक पडला आहे. जुन्या बोटीवर डोके धरणारा हात शेजाऱ्याचा होता. नव्या नौकेवर तो हात पगारी आहे. रात्री प्रवाशास बोट लागली की एक सेवक येतो, गालिचा पुसतो, चादर बदलतो, पाणी ठेवतो आणि निघून जातो. सकाळी सारे स्वच्छ असते, आणि प्रवाशाच्या मनातही काही उरलेले नसते. पूर्वी विलायती कंपन्यांच्या जहाजांवर रत्नागिरीकडील खलाशी आणि गोव्याकडील वाढपी पिढ्यान् पिढ्या राबले. त्यांस इंग्रज 'लस्कर' म्हणत आणि गोऱ्या नावाड्यांहून पुष्कळ कमी वेतन देत. त्यांच्या घामावर साहेबाची सफर सुखाची झाली. प्रवासवर्णनांत मात्र त्यांची नावे क्वचितच आढळतात. आज आपण साहेबाच्या खुर्चीत बसलो आहोत. तेव्हा विचारले पाहिजे की, पैसे मोजले म्हणजे देणे फिटले काय?

व्यवहारदृष्ट्या फिटले. वेतन ठरलेले आहे, वर बक्षीसही दिले. परंतु वेतन कामाचे असते. किळस गिळून केलेल्या ममतेस दर नसतो. तोच सेवक तेच काम कपाळास आठी घालून करू शकला असता, आणि त्याचे वेतन तेवढेच राहिले असते. हसून 'आता बरे वाटेल' असे जे तो म्हणाला, ते त्याने फुकट दिले. फुकट मिळालेल्या वस्तूचे मोल पैशात चुकविता येत नाही, ते ओळखीने चुकवावे लागते: त्याचे नाव विचारावे, ते लक्षात ठेवावे, दुसऱ्या दिवशी त्याच नावाने त्यास हाक मारावी. हे फार थोडे आहे हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु एवढेही न करणारा मनुष्य समता या विषयावर कितीही बोलला तरी ते तोंडापुरतेच समजावे.

आणि हा प्रश्न बोटीवर संपत नाही. जमिनीवर आपल्या समाजाने याहून विपरीत न्याय केला. घाण करणारा शुद्ध राहिला आणि घाण काढणारा अशुद्ध ठरला. आजाऱ्याचे मलमूत्र काढणाऱ्या मातेच्या हातास आपण देव मानतो. तेच काम साऱ्या गावासाठी करणाऱ्याच्या हाताचा मात्र विटाळ मानला. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली. माणसाकडून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 आणि 2013 साली कायदे झाले. कायद्याने हात मोकळे केले, परंतु नजर बदलणे कायद्याच्या शक्तीबाहेरचे आहे. ती नजर बदलावयाची तर आपणही केव्हातरी असहाय होऊन पडलो होतो, आणि कोणा परक्याने आपल्याला पुसून काढले होते, ही आठवण जागी असावी लागते. लहानपणी प्रत्येकाचा हाच अनुभव असतो, पण तो कोणासच आठवत नाही. म्हातारपणी तो पुन्हा येतो, तेव्हा शिकण्यास वेळ उरलेला नसतो. मधल्या धडधाकट वर्षांत ज्याला एखादी रात्र बोट लागली, त्याला तो धडा थोडक्यात आणि वेळेवर मिळाला असे आम्ही समजतो.

समुद्रावरून उतरलेल्यांचा आणखी एक अनुभव आहे. धक्क्यावर पाय ठेवल्यावर काही वेळ, क्वचित एकदोन दिवस, स्थिर जमीनच डोलत आहे असा भास होतो. शरीर अद्याप लाट विसरलेले नसते. पुढे पाय ठरतात, चाल पूर्ववत् होते, आणि त्याबरोबर मानही ताठ होऊ लागते. कोणी नमस्कार करावा, कोणास दाराबाहेर उभे करावे, कोणाच्या पेल्याने पाणी प्यावे, हे सारे जुने हिशेब परत येतात. जमिनीचा हा गुण बोटीच्या दोषाहून अधिक घातक होय. कारण बोट लागल्याचे कळते तरी, जमीन लागल्याचे कळतही नाही. माणसाची परीक्षा लाटेवर होत नाही, धक्क्यावर उतरल्यानंतर होते. रात्री ज्याच्या हातचे पाणी गोड लागले, त्यास दिवसा, आपल्या गावात, आपल्या ओसरीवर, शेजारी बसवून पाणी देता आले, तर ती सफर फळास आली म्हणावयाची.