शिंगं आणि दात

चाकाला चकाकी कुठून येते, याचा विचार आमच्या गावात कुणी केला नव्हता, कारण ती आपोआप येत असे. माणदेशात बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. लोहार ती लाल होईस्तोवर तापवायचा, चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. लोखंड आखडलं की चाक आवळलं जायचं. पुढं ती धाव घासत कुणी बसत नसे. रोज चालणाऱ्या गाडीची धाव वाटेवर घासून लखलखायची, परड्यात उभ्या गाडीची गंजायची. धाव बघून सांगता यायचं, या घरात काम चाललंय की बसलंय.

मुंबईत चाकाची चकाकी डब्यातून येते. माझा थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही दादाच म्हणतो, गिरगावात गाड्या धुतो. खोताच्या वाडीतल्या गल्ल्या अरुंद. माणसं आणि फारतर दुचाकी आत जातात. चारचाक्या बाहेर, जागा मिळेल तिथं उभ्या. भल्या पहाटे बादली-फडकं घेऊन दादा त्या धुतो आणि नऊनंतर एका वॉशिंग सेंटरवर रोजंदारीनं जातो. तिथं त्याच्या हातात स्प्रे गन असते. कॉम्प्रेसरच्या नळीतून हवा येते, घोडा दाबला की वाटीतलं सिलिकॉनचं पातळ तेल वर ओढलं जातं आणि धुक्यासारखं टायरवर बसतं. मातकट, भुरकट पडलेला टायर मिनिटभरात नवा कोरा दिसतो. गाडी कितीही धुवा, टायर काळे झाल्याशिवाय ती धुतल्यासारखी वाटत नाही, असं गिऱ्हाईकांचं म्हणणं.

मग ही लबाडी म्हणायची का?

एवढ्यानं नाही म्हणता येणार. वाडीतल्या जुन्या लाकडी घरांना निळा, पिवळा, लाल रंग देतात, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. रंग लाकडाला पावसापासून राखतो. शिवाय रंग देणारा आणि त्या छपराखाली झोपणारा एकच. आतलं लाकूड सडलं असेल तर ते त्याच्याच डोक्यावर येणार. टायरचंही तसंच. आपल्या गाडीचे टायर आपण चमकवले तर ती हौस झाली. हौसेला पाप म्हणणारा माणूस आमच्या गावात तरी टिकला नसता.

घोळ होतो तो वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. आमच्याकडं बेंदराला बैलांची शिंगं साळतात, मग रंगवतात, बेगड लावतात. वर्षभर राबलेल्या जनावराचं ते कौतुक. पण बैल वयात येतो तशी त्याच्या शिंगाच्या बुडाशी वळी पडत जातात, आणि जाणता माणूस त्या वळ्यांवरून वयाचा अंदाज बांधतो. शिंगं साळली की वळी जातात. म्हणून खरसुंडीच्या बाजारात हेडी लोकही शिंगं साळूनच बैल उभा करायचे. हत्यार तेच, हात फिरतो तोही तसाच. बेंदराला ती माया असते आणि बाजारात डोळ्यांत धूळ.

आमचे आबा बैल विकायला नेताना शिंगं साळून, तेल लावूनच न्यायचे. ‘पोरगी दाखवायची तर तोंड धुवून दाखवावी,’ म्हणायचे. पण गिऱ्हाईक आलं की त्यानं मागायच्या आत बैलाचा जबडा उघडायचे. ‘शिंगं साळल्यात पावणं, दात तेवढं तुमच्या डोळ्यानं बघा.’ दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलाय, हे दात सांगतात; त्यांच्यावर रंग चालत नाही. यात त्यांचे कधी शंभर-दोनशे रुपये कमी झालेही असतील.

टायरलाही दात असतात. कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ लिहिलं असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर बनला. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. झिजून रबर त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. पावसाचं पाणी चाकाखालून याच खाचांतून बाहेर जातं. खाच नसेल तर गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक नावालाच उरतो. रबरात मुळात मेण मिसळलेलं असतं. गाडी चालते, टायर दबतो-फुगतो, तसं ते मेण वर येऊन रबराला राखतं. उभ्या गाडीचा टायर म्हणूनच लवकर तडकतो. तेवढ्यापुरतं रबर आणि लोखंडी धाव एकाच वळणाची. फरक असा, की गंजलेली धाव लपत नाही. तडकलेल्या रबरावर तेलाचा हात फिरला की बारीक भेगा दिसेनाशा होतात.

एका जुलैत सेंटरवर गाड्यांचा एक दलाल आला. टायरच्या कडेला भेगा, खाचा सपाट.

‘टायरवर दोन हात जास्त मार. संध्याकाळी पार्टी येणाराय.’

दादा म्हणाला, ‘मारतो साहेब. पण टायर गेलेत, एवढं त्यांच्या कानावर घाला.’

‘तुला चमकवायचे पैसे मिळतात, बोलायचे नाही.’

दादानं गन खाली ठेवली. दलाल गाडी दुसरीकडं घेऊन गेला, आणि सेंटरच्या मालकानं दादाचा त्या दिवसाचा रोज कापला.

मी त्याला विचारलं, ‘दुसऱ्यानं मारलंच असणार की. मग तू मिळवलंस काय?’

‘काय नाय. पण त्यात माझा हात नाय.’

हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं नाही. आपला हात स्वच्छ राहिला, पण ज्यानं ती गाडी घेतली असेल त्याच्या पोराबाळांचं काय? नुसतं बाजूला होणं म्हणजे पुण्य असेल, तर ते फार स्वस्तातलं. पण दादा आधी बाजूला झाला नव्हता. आधी तो बोलला होता, आबांसारखा जबडा उघडून दाखवा म्हणाला होता. गन त्यानं ठेवली ती बोलायला बंदी झाली तेव्हा. ‘मी नाही केलं तर दुसरा करेल’ हे खरंच आहे. पण याच हिशोबानं प्रत्येक जण गप्प बसला, तर सांगणारा कुणी उरतच नाही. दुसरा करेल म्हणून आपला वाटा कमी होत नाही. आणि ज्याचा रोज दिवसाच्या पोटाला पुरतो, त्यानं तो सोडला, म्हणजे ते स्वस्तातलंही नव्हतं.

अजून एक बघितलं. गननं टायर दोन हातांवरून, उभ्यानं मारता येतो. पहाटेच्या गाड्यांचे टायर मात्र दादा उकिडवा बसून फडक्यानंच पुसतो. बसलं की खिळा दिसतो, फुगवटा दिसतो, भेग बोटाला लागते. मग मालक आला की त्याला वाकायला लावून दाखवतो. काहींना ते आवडत नाही.

चमकवायचे पैसे घ्यावेत, हक्कानं घ्यावेत. फक्त ज्यानं शिंगं साळली, त्यानंच दातही दाखवावेत, समोरच्यानं मागायची वाट न बघता.