न दिसणारा चेहरा

खेळवणाऱ्याला बाहुलीचा चेहरा दिसत नाही. तो मागे, वरच्या अंगाला उभा असतो. त्याला दिसतो मुकुटाचा माथा, खांद्यांची उतरण आणि दोरे. रावणाचे वटारलेले डोळे समोर बसलेल्यांसाठी. ज्याच्या बोटांवर सगळा खेळ चालतो, त्याच्याच वाट्याला तो बघणं येत नाही.

मग बाहुली नीट उभी राहिली, हे त्याला कळतं कसं? समोरून येणाऱ्या आवाजावरून. पोरं हसली की तो तीच गिरकी पुन्हा घेतो. सगळे गप्प झाले की खाली घातलेली मान आणखी क्षणभर तशीच ठेवतो. दोऱ्याला दोनच टोकं असतात असं मानणाऱ्याने हा खेळ पाहिलेला नसतो.

लाकडाचा चेहरा एकदाच कोरतात. स्वयंवरातली सीता आणि अशोकवनातली सीता, चेहरा तोच. तरी अशोकवनात तिचे डोळे भरलेले दिसतात. बदललेला असतो फक्त मानेचा कल. उरलेलं दुःख आपण आपल्या पदरचं घालतो. नट रडतो तेव्हा आपण बघत बसलो तरी चालतं. बाहुलीच्या डोळ्यांत मात्र पाणी कुठून येणार?

दोरा फक्त वर ओढू शकतो. उचललेला हात खाली आणतं ते बाहुलीचं स्वतःचं वजन. वजन नसेल तर ती नुसती लोंबकळते. म्हणजे अर्धा नाच तिचाच.

तरी राजकारणात कुणाला हिणवायचं झालं की त्याला कळसूत्री बाहुली म्हणतात. (बाहुलीने कधी कुणाची फाइल अडवल्याचं ऐकलेलं नाही.) ज्ञानेश्वरांनी मात्र ही उपमा स्वतःला लावून घेतली. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ते स्वतःला सूत्रावर चालणारं बाहुलं म्हणतात. सूत्र गुरू निवृत्तिनाथांच्या हाती. त्यात लाचारी नाही, ऐट आहे. दोरा कुणाच्या हातात आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याला तो लपवावा लागत नाही.

खेळातही दोरे उघडेच असतात. सुरुवातीला तेच दिसतात, मग दिसेनासे होतात. मध्येच एखादा अडकतो आणि रामाचा हात अधांतरी राहतो. कुणी तरी खुदकन हसतं. बोटं झटकली जातात, हात सुटतो, राम पुन्हा राम होतो. फसवणूक एकदा उघडी पडली की संपते. हा खेळ संपत नाही, कारण त्यात कुणी कुणाला फसवलेलंच नसतं.

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने हा खेळ टिकवला. रामायण-महाभारताच्या कथा, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रं दाखवत कथा सांगणारी चित्रकथी, सगळं एकाच गावात. कधी काळी सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. आश्रय गेला तरी कला लगेच मरत नाही. ती आधी पेटीत जाते. इथल्याच परशुराम गंगावणे यांनी ती पेटीतून काढून गोठ्यात मांडली: 2006मध्ये घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गुरांची जागा बाहुल्यांना देणारा माणूस हिशेबात कच्चा असतो आणि बहुतेक कला अशाच माणसांनी तारलेल्या असतात.

आता हे खेळ मोबाइलवरही दिसतात. तिथे बाहुलीचा चेहरा अगदी जवळून दिसतो, पण खेळवणाऱ्याला आपलं काहीच ऐकू जात नाही. माझ्या मते तो खेळ नव्हे, खेळाची नोंद.

राऊळ महाराजांच्या मठासाठी पिंगुळीला पुष्कळ जण जातात. तुम्ही गेलात तर बाहुल्यांचा खेळही बघून या. पोरांना पुढे बसवा आणि त्यांना गप्प बसायला सांगू नका.