तीच गाडी

इंग्लंडच्या रस्त्यांवर १९३० च्या सुमाराच्या बेंटली मोटारी आजही धावतात. इतकी वर्षे धावलेल्या यंत्रात मूळचे म्हणावे असे कितीसे उरत असेल? लोखंड झिजते, कापडाने मढविलेली लाकडी चौकट कुजते. धावावयाचे तर भाग बदलणे आले. आणि बदल नको म्हणून जी काचेआड ठेवली, तिचे धावणेच संपले. मग रस्त्यावर वाचले ते नेमके काय?

एकेक फळी बदललेली थीसियसची नौका तीच का, हा ग्रीकांचा वाद वाचकांना ठाऊक असेलच. त्या नौकेला गिऱ्हाईक नव्हते. १९९० साली इंग्लंडमधील न्यायालयापुढे ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचा वाद आला, तेव्हा सुमारे एक कोटी पौंडांचा सौदा अडला होता. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे हिने फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे भाग बदलत गेले, आठ लिटरचे इंजिन बसले. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या उंच कडेवरून ती खाली गेली, चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला, आणि नंतर तिच्यावर निराळ्याच घाटाची बंद गाडी बांधली गेली. जिंकलेल्या गाडीतले हिच्यात जवळजवळ काहीच नाही, हे घेणाऱ्यांचे म्हणणे वस्तुतः चुकीचे नव्हते. तरीही न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. तिचा इतिहास अखंड आहे, आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी नाही, असे त्यांना दिसले.

आम्हांस हा निवाडा पटतो. (बदलीच्या नोकरीत गाव, घर, वरिष्ठ सारे पालटते, सेवापुस्तिका तेवढी एक राहते!) परंतु पुस्तिकेतील प्रत्येक नोंद खरी असली पाहिजे. मेलेल्या गाडीची पाटी आणि एखादा तुकडा मिळवून भोवती नवी गाडी उभारणाराही जीर्णोद्धाराचेच नाव घेतो. त्याच्याजवळ मधल्या वर्षांचा हिशेब मात्र नसतो.

ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याने आमूलाग्र बदललेल्या गाड्यांसाठी कित्येक वर्षे गुणांचा तक्ता चालविला. जुना क्रमांक राखावयास किमान ८ गुण लागत. सांगाड्याला ५, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स यांना प्रत्येकी २, आणि ज्याला आपण गाडीचे काळीज म्हणतो त्या इंजिनाला अवघा १! कारकुनी वृत्तीच्या आम्हांला हा तक्ता मनापासून आवडतो. तत्त्वज्ञांनी शतकानुशतके लांबविलेले प्रकरण कोणा टेबलावर निकाली निघाले. गुण कमी पडले तर गाडीला ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक मिळे. म्हणजे हिचे वय वा ओळख निश्चित नाही. तथापि तक्ता भरला जाई तो मालकाने सांगितल्यावरून. बदललेला प्रत्येक भाग ज्याने नोंदविला, त्याच्या गाडीवर ‘क्यू’ लागण्याचा संभव. आणि जो गप्प राहिला, त्याच्या गाडीवर जुनाच क्रमांक.