कलाशाळेतील चार वर्षे

बऱ्हाणपुरास गेलो असता इतवाऱ्यातील एका वृद्ध विणकराने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचा नातू चित्रकला शिकावयास परगावी निघाला होता. ते म्हणाले, "यंत्रमागावर बसला तर दर महिन्यास घरात चार पैसे येतील. तिकडून चार वर्षांनी तो काय घेऊन येईल?" आम्ही पदवीचे आणि नोकरीचे नाव घेतले, परंतु त्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही.

त्यांच्याच गावापासून तापी ओलांडून दक्षिणेस गेले म्हणजे अजिंठा फार दूर नाही. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा 1857 साली निघाली. तेथील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. लेण्यांतील अपुऱ्या उजेडात, पुसट झालेल्या रेषांचा माग काढीत ही मुले काम करीत. त्या प्रतिकृती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात गेल्या आणि 1885 च्या आगीत त्यांतील पुष्कळशा जळून गेल्या.

मग त्या विद्यार्थ्यांचे दिवस वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांच्यापैकी पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आले. एक बोट कसे वळते हे पाहण्यात ज्याने दिवस घालविला, त्याची पाहण्याची सवय कापडाबरोबर जळत नाही. विद्यार्थ्याने केलेले चित्र ही विद्यार्थिदशेची खरी मिळकत नव्हे, ही गोष्ट त्या आगीने जितकी स्पष्ट केली तितकी कोणत्याही व्याख्यानाने केली नसती.

परंतु एवढ्याने त्या आजोबांचे देणे फिटत नाही. गिऱ्हाईक पैसे देते ते पुऱ्या झालेल्या कामाचे. चुकांचे पैसे या जगात कोणी देत नाही. देते ते एक घरच, आणि तेही चारच वर्षे. म्हणून जो विद्यार्थी आपल्याला साधलेली एकच खुबी पुनःपुन्हा गिरवितो, बक्षिसापुरते चित्र रंगवितो आणि न जमणारा विषय टाळतो, तो मेहनती दिसला तरी घरच्यांच्या विश्वासाशी प्रतारणा करतो. ज्यास हात काढता येत नाहीत त्याने हातच काढावेत, आणि बिघडलेला कागद लपविण्याऐवजी गुरुजींपुढे ठेवावा. आज अजिंठ्याचे चित्र मोबाइलवर क्षणात दिसते. म्हणून तर ते तासभर पाहण्याचा निश्चय अधिक आवश्यक झाला आहे.

येथे कोणी विचारील, शाळाच मानवली नाही तर? गोव्याचे आंजेलो द फोन्सेका यांस मुंबईची पाश्चात्त्य वळणाची शिकवण मानवली नाही. ते शांतिनिकेतनास गेले आणि पुढे त्यांनी येशूची माता भारतीय वेषात रंगविली. त्यांनी शाळा सोडली, शिकणे सोडले नाही. पुष्कळ तरुण शाळेस नावे ठेवतात आणि शिकणेही थांबवितात. त्यांस फोन्सेकांचा दाखला देण्याचा अधिकार नाही.

आणि सुटीत घरी आल्यावरही डोळे मिटून घेण्याचे कारण नाही. बऱ्हाणपुरातच शाही हमामाच्या छतावर जुनी रंगीत नक्षी आहे. तेथील जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरलेला आहे; दोन लिप्यांची वळणे एकाच वास्तूत पाहावयास मिळण्याचे भाग्य किती कलाशाळांना लाभते? शिवाय घरचा माग आहेच. ताण्याबाण्यातून रंग कसा घडतो, हे ज्याचे आजोबा जाणतात त्याने ते आधी आजोबांनाच विचारावे.

आता ते वृद्ध गृहस्थ पुन्हा भेटले तर आम्ही निराळे उत्तर देऊ. आम्ही म्हणू, "बाबा, नातू परत आला म्हणजे त्याच्या चांगल्या चित्रांबरोबर बिघडलेलीही पाहावयास मागा. ती पुष्कळ असतील, आणि प्रत्येक निराळ्या तऱ्हेने बिघडलेले असेल, तर तुमचे पैसे सत्कारणी लागले असे समजा."