लोभाची किंमत



आफ्रिकेतल्या मोझांबिक देशात गोरोंगोसा नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९७७ ते १९९२ या काळात त्या देशात यादवी पेटली होती. युद्धाला पैसा हवा होता, म्हणून हस्तिदंतासाठी तिथले दहातले नऊ हत्ती मारले गेले. वाचलेल्यांत जन्मतःच सुळे नसलेल्या माद्या खूप होत्या. युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांपैकीही सुमारे एक तृतीयांश सुळ्यांविनाच वाढल्या.

आफ्रिकेत हत्तिणीलाही सुळे असतात. त्यांनी ती जमीन उकरून पाणी शोधते, झाडाची साल सोलते. माणसाच्या हावेपुढे टिकायचं, तर निसर्गाने दिलेलं हे साधनच गमवावं लागलं. पंधरा वर्षांच्या लोभाची किंमत पुढच्या पिढ्या आपल्या देहाने मोजत आहेत.

सुळा म्हणजे हत्तीचा दातच. त्याचा मुळाकडचा भाग कवटीत खोल रुतलेला असतो. तो अख्खा मिळवण्यासाठी शिकारी हत्तीचा जीव घेतो. म्हणून देव्हाऱ्यातली हस्तिदंती मूर्ती असो वा हातातलं कडं, त्यामागे बहुतेकदा एक मृत्यू असतो.

१९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. भारतातही ही खरेदी-विक्री गुन्हा आहे. पण कायदा चोराला पकडतो. चोरीला बळ देतो तो गिऱ्हाईक. मागणी थांबली, तरच बंदूक खाली येईल. कुणी कितीही सुबक हस्तिदंती वस्तू पुढे केली, तरी ठामपणे ‘नको’ म्हणूया आणि मुलांनाही त्याचं कारण सांगूया.