रानातली लाल फुले



गेल्या महिन्यात घरभेटीला गेलो असता एका बहिणीने मला विचारले, "फादर, चिंता करू नका असे प्रभू सांगतो. माझ्या मुलाची नोकरी गेली, घराचे हप्ते थकले. मग चिंता करायची कोणी?" मला चटकन उत्तर सुचले नाही. परत आल्यावर मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पुन्हा उघडला.

तेथे प्रभू येशू रानातल्या फुलांकडे बोट दाखवतो. मराठी बायबलमध्ये 'भूकमळे' असा शब्द आहे, आणि कमळ म्हटले की आपल्याला तळेच आठवते. परंतु अनेक अभ्यासकांच्या मते ते अ‍ॅनिमोनी नावाचे लाल रानफूल असावे. हिब्रू भाषेत त्याला 'कलानीत' म्हणतात. या नावाचा संबंध नवरीशी जोडला जातो. 2013 साली इस्राएलच्या लोकांनी त्यालाच आपले राष्ट्रीय फूल म्हणून निवडले. ख्रिस्ती परंपरेने त्याच्या लाल रंगात प्रभूचे रक्त पाहिले.

हे फूल कोणी लावत नाही. उन्हाळाभर त्याचा गड्डा कोरड्या मातीत निपचित पडून असतो. हिवाळी पाऊस पडला की पाने वर येतात, आणि जानेवारी ते मार्चच्या सुमारास गालीलच्या टेकड्यांवर, तसेच दक्षिणेकडे नेगेवच्या कडेला, फुले उमलतात. दक्षिणेत तर जिकडे तिकडे लालच लाल. रात्री पाकळ्या मिटतात, सकाळी उघडतात. मे महिना आला की सारे रान वाळून जाते. त्या देशात लाकूडफाटा कमी, म्हणून बायका वाळके गवत भट्टीत घालीत.

हे भट्टीचे वाक्य मी प्रवचनात नेहमी घाईने वाचून पुढे जात असे. पण प्रभूने ते लपवले नाही. फूल वाळणार, जळणार, हे तो स्पष्ट सांगतो. तरीही चार दिवसांच्या त्या फुलाला पित्याने शलमोनापेक्षा सुंदर वस्त्र दिले. तुमच्यावर संकट येणारच नाही, असे वचन येथे नाही. चार दिवस टिकणाऱ्यावरही पित्याचे लक्ष आहे, एवढेच आहे. आणि हप्ते थकलेल्या घरात एवढे बोलणेही सोपे नसते.

मंगळवारी मी त्या घरी पुन्हा जाणार आहे. एखाद्या होतकरू तरुणासाठी काम कोणाच्या पाहण्यात असेल, तर मिस्सानंतर मला भेटावे.