आव आणि भाव

रंगभूमीवरील पात्र ऊर बडवून रडते, त्यास आपण लबाड म्हणत नाही. परंतु शेजारी तसेच करू लागला म्हणजे मन साशंक होते. असे का व्हावे, ह्याचा वाचकांनी विचार करावा.

विदर्भातील दंडार पूर्वी मशालींच्या उजेडात, उघड्यावर होत असे. मागे बसलेल्या म्हातारीस नटाचे डोळे दिसत नसत. म्हणून त्याचे दुःख हातांतून व आवाजातून तिच्यापर्यंत पोहोचवावे लागे. ती अतिशयोक्ती पाहणाराकरिता होती. प्राचीन ग्रीक लोकांत नटास जो शब्द होता, तोच नव्या करारात ढोंगी ह्या अर्थी आला आहे. तथापि दोघांत भेद आहे. नट आपले सोंग लपवीत नाही. ढोंगी लपवितो, आणि त्याचे सोंग केवळ स्वतःकरिता असते.

यवतमाळ जिल्ह्यात नापिकी व कर्ज ह्यांपायी अनेक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आहेत. अशा घरी सांत्वनास गेलेला एखादा मनुष्य उंबरठ्यावरच हंबरडा फोडतो, "काही लागले तर सांग, बाई," असे चारचौघांदेखत म्हणतो. आणि पेरणीच्या दिवशी त्याची बैलजोडी त्या दारी दिसत नाही.

ह्याच्या उलट 'तेरवं' हे नाटक पाहा. श्याम पेठकर ह्यांनी लिहिलेल्या व हरीश इथापे ह्यांनी बसविलेल्या ह्या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवाच काम करतात. त्यांपैकी वैशाली येडे ह्यांनी यवतमाळ येथे जानेवारी २०१९ मध्ये ९२व्या मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. ह्या स्त्रियांनाही रंगभूमीवर आवाज चढवावाच लागतो. पण तो आपल्यासारख्या इतर बायांचे गाऱ्हाणे लोकांच्या कानी जावे म्हणून. तेथे सोंगाच्या आत सत्य आहे. उंबरठ्यावर सत्याच्या वेषात सोंग होते.

म्हणून मोठ्याने रडणे हाच दोष, असे कोणी समजू नये. रीतीप्रमाणे आक्रोश करणाऱ्या बाईचे दुःख खरे असू शकते, आणि गप्प बसणाराही गांभीर्याचा आव आणू शकतो. आवाजावरून मनुष्याची पारख होत नाही. माझ्या ह्या वागण्याने समोरच्याचे ओझे हलके होते, की माझे नाव मोठे होते, एवढेच प्रत्येकाने आपणांस विचारावे. आणि उत्तर देताना लाज वाटली, तर रडणे आवरून बैल जुंपावे.